पहिल्यांदाच मोकळ्या जगात उतरताना : एका प्रश्नाचा इतिहास

(मानकोली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही जणांनी मला फोन केले. सर, बरे आहात ना, असं विचारलं. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सत्तरीनंतर व्हिडिओ गेमवर बोलणार म्हटल्यावर काळजी वाटणं स्वाभाविक आहे. (हशा) पण विषय मी निवडलेला नाही. मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच एका गोदामात काम करणारा एक मुलगा मागे थांबला होता. बोलायला लाजत होता. मग म्हणाला, "सर, मित्राकडून जुना प्लेस्टेशन फोर घेतलाय. आजपर्यंत मोबाइलवरच खेळलोय. आता एक ओपन वर्ल्ड गेम घ्यायचाय, पहिलाच. एकच घेऊ शकतो. कुठला घेऊ?"

मी त्याला म्हटलं, मला काय कळतं यातलं. तो म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात ना, कुठलाही प्रश्न त्याच्या इतिहासातून सोडवावा." आता स्वतःच्याच वाक्यात अडकलेल्या मास्तराने काय करावं? महिनाभर वाचलं, नातीच्या मशीनवर थोडंफार खेळलो, आणि आज तुमच्यापुढे उभा आहे.

त्याचा प्रश्न मी गंभीरपणे घेतला त्याला कारण आहे. असा नवा खेळ चार-पाच हजारांना येतो. रात्रपाळी करणाऱ्या मुलाला ही रक्कम लहान नाही. आणि पैशांपेक्षाही, पहिलाच खेळ चुकला तर माणूस म्हणतो, हे आपल्यासाठी नाही. गणिताच्या बाबतीत, इंग्रजीच्या बाबतीत, तत्त्वज्ञानाच्या बाबतीत मी हे चाळीस वर्षं पाहिलंय. पहिलं पुस्तक चुकीचं हातात पडलं की मुलगा स्वतःला मठ्ठ समजतो आणि पुस्तक निर्दोष सुटतं.

तर आधी 'ओपन वर्ल्ड' म्हणजे काय ते पाहू. मी त्याला मोकळं जग म्हणतो. आपल्याकडचा मोक्षपट तुम्हाला माहीत असेल, सापशिडीचा पूर्वज. परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. तसा पक्का पुरावा नाही, पण मराठी मोक्षपट मिळालेले आहेत हे खरं. त्यात घरं आहेत, सद्गुणांच्या शिड्या आहेत, दुर्गुणांचे साप आहेत. कवड्या पडतील तसं सरकायचं. खेळणाऱ्याला निवड नाही. वाट एकच, क्रम ठरलेला. पुढे व्हिडिओ गेम आले तेव्हा तेही बरेचसे असेच होते. डावीकडून उजवीकडे पळा, उड्या मारा, पुढची पातळी गाठा. मोकळ्या जगाचा खेळ म्हणजे पटावरच्या घरांच्या रेघा पुसून टाकायच्या. समोर डोंगर दिसतोय? जा. नदी दिसतेय? उतरा. मुख्य काम दिलेलं असतं, पण ते केव्हा करायचं, कुठल्या वाटेने करायचं, करायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

हे सुरू कुठून झालं? एका गुहेतून. अमेरिकेत केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अवाढव्य गुहा आहे. विल क्राउथर नावाचा प्रोग्रॅमर तिथे पत्नीबरोबर जायचा. हौसेने नुसतं हिंडायला नव्हे, तर मोजणी करायला, नकाशे काढायला. हा माणूस बोस्टनजवळच्या ज्या कंपनीत काम करत होता ती कंपनी आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेटचं जाळं बांधत होती. पुढे त्याचा घटस्फोट झाला. गुहा सुटली, आणि मुलीही रोज भेटेनाशा झाल्या. तेव्हा, 1975-76 च्या सुमाराला, त्याने मुलींना खेळता यावं म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला. चित्र एकही नाही. फक्त शब्द. तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, हे यंत्र सांगणार. तुम्ही एक-दोन शब्द टंकायचे, उत्तरेला जा, दिवा घे, असे. 1977 साली स्टॅनफर्डमधल्या डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि तो खेळ 'कोलॉसल केव्ह अॅडव्हेंचर' या नावाने विद्यापीठांतल्या संगणकांवर पसरला. 'अॅडव्हेंचर गेम' हा शब्दच तिथून आला.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. खेळातल्या वाटा बऱ्याच अंशी खऱ्या गुहेच्या वाटांवर बेतलेल्या आहेत. नंतर अभ्यासकांनी प्रत्यक्ष गुहेत उतरून ते ताडून पाहिलं. आणि खेळ खेळलेली एक व्यक्ती पहिल्यांदाच त्या गुहेत गेली तर तिला वाट आधीच ठाऊक होती, अशी आठवण तिथले गुहावाले सांगतात. म्हणजे बापाने मुलींना नुसती गोष्ट सांगितली नव्हती, तर एक जागा दिली होती. स्वतः पायाखाली घातलेली जागा.

दुसरा माणूस जपानचा. शिगेरू मियामोतो, जन्म 1952, म्हणजे माझ्याच पिढीचा. क्योतोजवळच्या सोनोबे नावाच्या गावात वाढला. घरी मोटारगाडी नाही, दूरदर्शन नाही. पोरगं रानात हिंडायचं. एकदा त्याला डोंगरात एक बीळ सापडलं. आत अंधार. पहिल्यांदा आत जायचं धाडस झालं नाही. मग कंदील घेऊन परत गेला. ही आठवण त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे. 1986 च्या फेब्रुवारीत त्याच्या चमूने 'द लेजंड ऑफ झेल्डा' आणला, आणि त्या खेळाचं पहिलंच दृश्य असं, की एक मुलगा माळावर उभा आहे, तीन दिशांना वाटा आहेत, आणि कड्यात एक काळं भोक आहे. कुणी सांगत नाही काय करायचं. भोकात शिरलात तर एक म्हातारा भेटतो आणि तलवार देतो. शिरला नाहीत तर तलवार नाही. हिंडा तसेच.

ही त्या काळात फार जोखीम होती. खेळणारे कंटाळतील, वैतागतील अशी धास्ती मंडळींना होती, हे मियामोतोने स्वतः सांगितलंय. झालं उलटंच. मुलं एकमेकांना विचारायला लागली, तुला ती गुहा सापडली का? मैदानावर, शाळेत, आगगाडीत.

इथे थांबून मला एक सांगायचंय. मी लहान होतो तेव्हा मानकोलीच्या या भागात भातखाचरं होती, खाडी होती, चिखलात निवट्या होत्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी घराबाहेर पडलेलं पोर भूक लागल्यावर परत यायचं. आता बाहेर पडलं की मुंबई-नाशिक महामार्ग आणि गोदामांची रांग. कंटेनर असे येतात की मोठी माणसंसुद्धा हात धरून रस्ता ओलांडतात. आणि ऑनलाइन मागवलेले खेळ आणि त्यांची यंत्रं कुठे ठेवली जातात? कदाचित याच गोदामांत. मी कुणाला दोष देत नाही, गोदामांनी इथल्या घरांना पगार दिलेत. पण 'हल्लीची मुलं बाहेर खेळत नाहीत' असं म्हणणाऱ्याने आधी मानकोली नाक्यावर संध्याकाळी सहा वाजता दहा वर्षांचं मूल एकटं पाठवून दाखवावं.

असो. पुढे जाऊ. 1984 साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी, 'एलिट' नावाचा अंतराळातला खेळ केला. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत 256 ग्रहमाला, आणि हे सगळं 32 किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात. ग्रह साठवलेले नव्हते, गणिताने जागच्या जागी तयार होत होते. एका प्रकाशकाने खेळ नाकारला. त्याला गुण हवे होते, तीन जीव हवे होते, दहा मिनिटांत संपणारा डाव हवा होता. बाजाराला मोक्षपट हवा होता आणि पोरांनी विश्व आणून दिलं, असा तो प्रकार.

मग 'ग्रँड थेफ्ट ऑटो'. 1997 साली स्कॉटलंडच्या डंडी शहरात जन्म, आणि 2001 च्या तिसऱ्या भागात शहर त्रिमितीत आलं. 2002 चा 'व्हाइस सिटी' तर आपल्याकडे सायबर कॅफेत घराघरातल्या मुलांनी खेळलाय. कल्याण, भिवंडी, कुठेही जा, तासाला पंधरा-वीस रुपये देऊन मुलं खेळत. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या पुष्कळ मराठी माणसांचं पहिलं मोकळं जग तेच. गंमत अशी की त्यांतल्या बहुतेकांनी ती गोष्ट पूर्ण केलीच नाही. ते गाडी घेऊन समुद्रकाठाने रेडिओ ऐकत नुसते फिरले. मला एकाने सांगितलं, "सर, मिशन जमायचंच नाही, इंग्रजी कळायचं नाही. पण सिग्नल तोडून पळता यायचं." खेळ प्रौढांसाठीचा आहे, हिंसा आहे, शिव्या आहेत, आणि तो शाळकरी मुलांच्या हाती द्यावा असं मी म्हणणार नाही. पण मिशन न जमता, भाषा न कळता ती मुलं तिथे तासन् तास रमली, हा पुरावा मात्र मी नोंदवून ठेवतो. त्या जगाने नवशिक्याला हाकलून दिलं नाही.

आता या इतिहासातला बिघाड सांगतो. 2007 साली 'असॅसिन्स क्रीड' आला. मध्ययुगातली दमास्कस, जेरुसलेम, आक्रे ही शहरं. उंच मनोऱ्यावर चढायचं, भोवतालचा नकाशा उघडतो. कल्पना सुरेख होती. पण पुढच्या दहा वर्षांत ती इतक्यांनी उचलली की मोकळ्या जगाचा नकाशा म्हणजे खुणांचा सडा झाला. इथे पेटी, तिथे शत्रूची छावणी, पलीकडे पिसं गोळा करा. खेळणारा जगाकडे बघेनासा झाला, कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावरच्या ठिपक्याकडे बघत चालायला लागला. नेमून दिलेल्या ठिकाणांना भेट द्यायची आणि पुढे टीक मारायची. याला भटकंती म्हणत नाहीत, याला जनगणना म्हणतात. (हशा) गोदामातलं काम करून थकून आलेल्या मुलाला घरी पुन्हा वस्तू शोधून आणायची यादीच द्यायची का, हा माझा प्रश्न आहे.

याच्या उलट काय असतं ते बघायचं तर लांब कशाला जा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज. 1857 च्या सुरुवातीला कळलं की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल. चुलत्यांबरोबर निघाले. आजच्या भाषेत त्यांचं मुख्य मिशन एका ओळीत सांगता येईल, यज्ञाला जा, पैसे आणा, कर्ज फेडा. महूच्या आसपास शिपाई भेटले, पुढे काय पेटणार आहे ते त्यांनी सांगितलं. तरी हे पुढे गेले. आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. जमवलेलं लुटलं गेलं. शेवटी हाती राहिली ती आईवडिलांसाठी कावडीतून आणलेली गंगा. बंडानंतर घरी परतले, 1883 साली आठवणी लिहिल्या, आणि 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी 'माझा प्रवास' छापला. यज्ञाला जाऊन दक्षिणा घेऊन परत आले असते तर आज त्यांचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. मुख्य काम फसलं आणि प्रवास उरला.

आपल्या शेजारी अणजूर आहे. तिथले गंगाजी नाईक. 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेला त्यांची जी मदत झाली ती मुलूख माहीत असल्यामुळे. कुठल्या खाडीला भरती केव्हा, कुठे उतार आहे. हे ज्ञान नकाशावरच्या ठिपक्यांतून येत नाही, पायातून येतं. बरं, मी वाहवत चाललो.

2017 च्या 3 मार्चला निन्टेन्डोने झेल्डाचाच नवा भाग आणला, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. करणाऱ्यांनी आधी काय केलं असेल? 1986 च्या खेळासारखा दिसणारा सपाट, जुनाट नमुना बनवला आणि त्यावर नव्या कल्पना तपासल्या. आणि जग किती मोठं असावं हे ठरवायला दिग्दर्शक फुजिबायाशी यांनी स्वतःच्या ओळखीच्या क्योतोचा नकाशा खेळाच्या नकाशावर ठेवून पाहिला. इथून तिथे चालत जायला किती वेळ लागतो हे त्यांच्या पायांना माहीत होतं. पुन्हा तेच बघा. क्राउथरची गुहा, मियामोतोचं सोनोबे, आणि हे क्योतो.

हा खेळ मी खेळलो. खेळलो म्हणजे, तीन संध्याकाळी पहिल्या पठारावरच होतो. नात हसून हसून लोळली. माझी पहिली अडचण तत्त्वज्ञानाची नव्हती, अंगठ्यांची होती. हातातल्या यंत्राला दोन छोट्या दांड्या असतात. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं. माणूस जन्मापासून चालणं आणि बघणं एकत्र करतो. इथे ते सोडवून दोन अंगठ्यांत वाटायचे. मी डोंगराकडे बघत भिंतीवर चालत होतो. भोवळ आली, खरोखरची. मला वाटलं, वय झालं. मग वाचनात आलं की सोनीने दोन दांड्यांचं यंत्र 1997 साली आणलं, आणि 2000 साली 'एलियन रिझरेक्शन' नावाच्या खेळाने आजच्यासारखी वाटणी केली तेव्हा एका नावाजलेल्या समीक्षकाने खेळातली सर्वांत भीतिदायक गोष्ट हीच आहे अशी तक्रार केली होती. रोजचा खेळणारा माणूस! तेव्हा ज्यांना ही पद्धत आज 'सोपी' वाटते त्यांनी ती कधीतरी शिकलेली आहे, आणि शिकल्याचं विसरलेले आहेत. नवशिक्याला सल्ला देणारे बहुतेक लोक हेच विसरलेले असतात.

भोवळीवरून आठवलं. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द याने 1844 साली चिंतेवर ग्रंथ लिहिला. कड्यावरून खाली बघताना भोवळ येते तशी माणसाला स्वतःच्या स्वातंत्र्याकडे बघताना येते, असा त्याचा विचार. मी हे वर्गात कितीदा शिकवलं असेल. पण सगळ्या दिशा मोकळ्या असलेल्या पडद्यापुढे बसून, कुठलंच बटण न दाबता मी पाच मिनिटं थांबलो तेव्हा तो मला अंगाने कळला.

आणि त्या पठाराची रचना किती शहाणपणाची! चारी बाजूंना कडे. उडी मारलीत तर मरता. म्हणजे मोकळ्या जगाची सुरुवात एका कुंपणातच केलीय, पण कुंपण भिंतीसारखं दिसत नाही, डोंगरासारखं दिसतं. तिथे एक म्हातारा आहे. तो शिकवत नाही, शेकोटीपाशी बसलेला असतो. एके ठिकाणी दरी आहे, काठावर झाड आहे. कुऱ्हाड हाती असली तर झाड तोडा, ते आडवं पडून पूल होतो. वरच्या डोंगरावर कडाक्याची थंडी, जीव जातो. उबदार कपडे मिळवा, नाहीतर मिरच्या घालून काहीतरी शिजवा आणि खा, थंडी बाधत नाही. आता हे आगरी-कोळी माणसाला शिकवायला लागत नाही, मी पहिल्या झटक्यात शिजवलं. (हशा, टाळ्या) आणि पावसात कातळावर चढायला लागलात तर पाय घसरतो. सह्याद्रीत जुलैमध्ये कुणी कातळ चढतं का? नाही चढत. थांबतात. खेळातही थांबायचं. चार देवळं पालथी घातली की म्हातारा तुम्हाला पंखासारखं कापड देतो, मग कड्यावरून तरंगत उतरा, आणि वाटलं तर सरळ शेवटच्या शत्रूकडे जा. मरालच, पण अडवणार कुणी नाही. इथेही मनोरे आहेत, पण मनोऱ्यावरून फक्त भूगोल दिसतो. खुणा तुम्ही स्वतः बघून, स्वतः करायच्या.

मग त्या मुलाला हाच सांगू का? नाही सांगता येत. हा खेळ निन्टेन्डोच्याच मशीनवर चालतो, ती आपल्याकडे बहुतेक आयातदारांमार्फत येतात आणि महाग पडतात. उत्तम पुस्तक म्हणून जे पुस्तक ग्रंथालयात नाही ते सांगण्यात काय अर्थ?

त्याच्याकडे प्लेस्टेशन फोर आहे. त्याला लोक काय सुचवतात ते मी विचारून पाहिलं. पहिलं नाव 'रेड डेड रिडेम्प्शन टू', 2018 चा. थोर खेळ आहे असं जाणकार म्हणतात, मला अमान्य करायचं कारण नाही. पण तो सुरू होतो बर्फात, संथपणे, आणि एकेका बटणाला प्रसंगानुसार तीन-तीन कामं. हे म्हणजे तत्त्वज्ञान वाचायचंय म्हणणाऱ्याच्या हातात कान्टचं 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' ठेवण्यासारखं. मीही तरुणपणी एका विद्यार्थ्याच्या बाबतीत ही चूक केली. तो परत आला नाही.

दुसरं, 'घोस्ट ऑफ त्सुशिमा', 2020 चा. 1274 साली मंगोलांनी त्सुशिमा बेटावर स्वारी केली त्यावर बेतलेला. यात मला एक गोष्ट फार चांगली वाटली. दिशा दाखवायला बाण नाही, ठिपका नाही. वारा येतो, गवत त्या बाजूला झुकतं, तिकडे जायचं. म्हणजे डोळे जगावरच राहतात. रक्तपात भरपूर, मोठ्यांसाठीच. पण दुसरा खेळ म्हणून मी तो नक्की सांगेन.

तिसरं नाव कुणी घेतलं नाही, ते मी घेतो. 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी', 2017 चा, अमेरिकेतल्या नॉटी डॉग या स्टुडिओचा. नायिका अर्धी भारतीय, क्लोई फ्रेझर. शोध कशाचा? गणपतीच्या दाताचा. आणि एका प्रकरणाचं नावच 'पश्चिम घाट'. होयसळांची पडकी मंदिरं, धबधबे, लाल मातीच्या वाटा, आणि तुमच्याकडे जीप. खेळ एरवी एका वाटेचाच आहे. पण हे एक प्रकरण उघडं आहे. तीन ठिकाणं हव्या त्या क्रमाने करा, मधे लहान-लहान अवशेष शोधा किंवा शोधू नका. हा भूगोल खरा नाही. बेलूर-हळेबीड पाहिलेला माणूस तिथे चार चुका काढेल, मी सात काढल्या. तरीसुद्धा सांगतो, कॅलिफोर्नियात बसून कुणीतरी रचलेल्या आपल्या घाटात जीप घेऊन चिखलातून जाताना मला बरं वाटलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी घाटात चढलेलो नाही.

आपल्याकडचं काय, असंही विचारलं जाईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने 2020 साली 'राजी' आणला. राजी नावाची मुलगी आपल्या भावाला शोधते, चित्रशैली पहाडी लघुचित्रांवरून घेतलेली. पाच-सहा तासांचा, देखणा, आणि पहिला साहसी खेळ म्हणून चांगला. मोकळ्या जगाचा मात्र तो नाही, एका वाटेचा आहे. अभिमानापोटी त्याला जे नाही ते म्हणू नये. मोकळं जग रचायला शेकडो माणसं आणि कित्येक वर्षं लागतात. पुण्यात तेवढं भांडवल अजून कुणी लावलेलं नाही.

किंवा शेकडो माणसं लागतही नाहीत. 2019 साली कॅनडातल्या अॅडम रॉबिन्सन-यू या एका तरुणाने जवळजवळ एकट्याने 'अ शॉर्ट हाइक' केला. एक छोटं बेट, मधे डोंगर. क्लेअर नावाची पक्षीण मावशीकडे सुट्टीला आलीय. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट बघायचीय आणि बेटावर रेंज नाही. रेंज फक्त शिखरावर. एवढीच गोष्ट! आपल्या कोकणात किती गावांत लोक एका विशिष्ट कातळावर जाऊन मुंबईला फोन लावत, आठवतंय ना? तर ती निघते. वाटेत कुणी मासे पकडतंय, कुणाचं घड्याळ हरवलंय, कुणाला शर्यत लावायचीय. लढाई नाही, मरण नाही, नकाशावर ठिपके नाहीत. चुकलात तर चुकलात. सोनेरी पिसं मिळतील तसं जास्त उंच चढता येतं, आणि शिखरावरून पंख पसरून खाली येताना सगळं बेट एका नजरेत दिसतं. दीड-दोन तासांत शिखर गाठता येतं. काही शे रुपयांत मिळतो. आणि तो 2021 पासून प्लेस्टेशन फोरवर आहे. साध्या लॅपटॉपवरही चालतो.

मी तो पूर्ण केला. माझ्या आयुष्यात पूर्ण केलेला पहिला आणि आजवरचा एकमेव व्हिडिओ गेम. शिखरावर फोन येतो तो कुणाचा आणि काय बोलणं होतं ते सांगत नाही. रात्री अकरा वाजता मी माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला एवढं सांगतो.

तर त्या मुलाला माझं उत्तर असं. चार-पाच हजार आत्ता खर्च करू नकोस. आधी 'शॉर्ट हाइक' घे, अंगठ्यांना दोन दांड्यांची सवय होऊ दे, आणि मुख्य म्हणजे वाट सोडून जाण्याची सवय होऊ दे. मोबाइलवर तुला ती कुणी लावलेली नाही. मग 'लॉस्ट लेगसी'ची वापरलेली डिस्क घे, नवी नको, खेळून झाली की विकता येते. डिजिटल प्रत परत विकता येत नाही. लॅपटॉपवर स्टीममधून घेतलंस तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, पण तुझं यंत्र वेगळं आहे. हे दोन्ही झाल्यावर वारा दाखवेल तिकडे, त्सुशिमाला. आणि एक अट आहे. पहिले दोन तास यूट्यूबवर कुणाला विचारायचं नाही. मित्राला विचारायला हरकत नाही. 1986 मध्येही मुलं मित्रालाच विचारत होती.

आता प्रश्न घेतो. पण आधी एक काम आहे. तो मुलगा आज आलेला नाही. पाळी बदलली म्हणून निरोप आला, आत्ता इथून अर्ध्या किलोमीटरवर माल उतरवत असेल. तुमच्यापैकी बरेच जण तिथेच कामाला आहात. भेटला तर त्याला सांगा, सरांनी रविवारी दुपारी घरी बोलावलंय. प्लेस्टेशन घेऊन ये म्हणावं, आमच्या टीव्हीला लागतो की नाही ते नात बघेल.